बुधाजीने इंपाउंड केलं

एका गावात एक भोळा शिपाई होता. भोळा जन्माचा, शिपाई नुकताच. मुन्सफ कोर्टात चिकटलेला, नाव बुधाजी. होणारा सासरा म्हणाला होता, "नोकरी कायम झाली की सारजा तुमची." म्हणून बुधाजी सांगितल्या शब्दाबाहेर पाऊल टाकत नसे. तिथंच घोडं पेंड खायचं!

एकदा कोर्टात बनावट वाटणारा दस्त आला. मुन्सफसाहेब म्हणाले, "इंपाउंड करा."

"म्हंजी काय करायचं?" बुधाजीने शिरस्तेदार पाटणकरांना विचारलं.

विद्वत्ता पाजळायची संधी पाटणकर कशाला सोडतात! "अरे, विलायतेतला जुना शब्द हा. कुणाचं ढोर दुसऱ्याच्या पिकात शिरलं की कोंडवाड्यात घालायचे. ते इंपाउंड."

बुधाजीने दस्त गावच्या कोंडवाड्यात नेला. दाव्याने खुंटाला बांधला. पुढ्यात कडबा टाकला. शेजारच्या म्हशीने कडबा राहू दिला आणि दस्त खाल्ला.

"अरे बैला!" पाटणकर कडाडले. "कोर्टात इंपाउंड म्हणजे कपाटात घालून कुलूप लावायचं!"

"असं व्हय! आता ध्यानात ठेवतो."

पुढे भांडणातला एक बोकड आला. साहेब म्हणाले, "इंपाउंड करा." बुधाजीने बोकड दप्तराच्या कपाटात कोंबला. सकाळी उघडलं तर बोकड टुणटुणीत, आणि जुने निकाल सगळे पचलेले.

पाटणकरांनी कपाळाला हात लावला. "गाढवा, जिवंत असेल तर कोंडवाडा! पिकात शिरला की धर, कोंड, वैरण-पाणी दे. आणि कितीही ओरडला तरी मालक आल्याशिवाय सोडू नकोस. आता चुकलास तर साहेब तुझ्या कायमच्या हुकमावर सही करणार नाहीत!"

गेली ना सारजा हातची! बिचारा बुधाजी दिवसभर तेच घोकत बसला.

दुसऱ्या दिवशी साहेब बांधाच्या तंट्याची जागा पाहायला निघाले. मागे बुधाजी. बांधावर चिखल, साहेबांचे बूट नवे. साहेब सरळ हरभऱ्यात उतरले. वर चार घाटे सोलून तोंडातही टाकले.

बुधाजीने त्यांचा दंड धरला. "साहेब, राग मानू नका. तुम्ही जिवंत हाय, आन् पिकात शिरलाय."

दुपारी पाटणकर धापा टाकत कोंडवाड्यावर पोचले. आत साहेब लालबुंद. पुढ्यात कडबा, शेजारी पाण्याची बादली.

"अरे मेल्या, सोड त्यांना!"

"मालक आणा."

"साहेबांना कुठला आलाय मालक? ते सरकारचे नोकर!"

"मग सरकारला बोलवा. मी थांबतो," बुधाजी कुलूप चाचपून म्हणाला. मग त्याने गजांतून अदबीने एक कागद आत सरकवला. "तवर साहेब, बसल्या बसल्या माझ्या कायमच्या हुकमावर तेवढी सही करता का?"