ओढा झाडणारा जावई

एकदा एक पाटकरी आपल्या सासऱ्याकडे शिकायला गेला. जावई सासुरवाडीला जातो तो पाहुणचार घ्यायला, विद्या घ्यायला नव्हे. त्यामुळे गावाला या गोष्टीचे थोडे नवल वाटले.

सासरा डोंगराच्या कुशीत राहत असे. वय झालेले होते, पण गावाच्या रानाची राखण अजून त्याच्याकडेच होती. कोणते झाड तोडायचे, कोणते ठेवायचे, हे लोक त्याला विचारून ठरवीत. जावई सपाटीवरचा. नदीला बांध घालून काढलेल्या पाटाचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचवणे, हे त्याच्या घराण्याचे काम. पाटात काडी अडकली की पाणी तुंबते, पाणी तुंबले की टोकाच्या शेतातला ऊस वाळतो, आणि बोल लागतो तो पाटकऱ्याला. त्यांच्या घरात मूल बोलायला शिकते त्याआधी पाटातले पान उचलायला शिकते, असे लोक गमतीने म्हणत.

या दोघांना जोडणारी सगुणा आता नव्हती. आदल्या हिवाळ्यात ती तापाने गेली. बाप मुलीचे नाव घेत नसे आणि नवरा बायकोचे. दोघांनाही वाटे, समोरच्याला त्रास नको.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत सगुणा माहेरच्या ओढ्याविषयी पुष्कळ सांगत असे. सपाटीवरच्या उन्हात पाटाच्या कडेला भाकरी सोडता सोडता ती सांगायची, की पाऊस सरत आला की दिवेलागणीला आमच्या ओढ्यातून किडे वर येतात. काच पातळ करून लावावी तसे त्यांचे पंख. इतके येतात, की आई दिवा मालवायची आणि आम्ही अंगणात अंधुक उजेडातच जेवायचो. डोक्यावर ते टिपायला पाकोळ्या फिरत असायच्या. पाटकरी तिची थट्टा करी, "तुमच्या गावाला किड्यांचीसुद्धा वरात निघते." ती म्हणे, "एकदा चला तर खरं, दाखवते." पण त्या दिवसांत पाण्याच्या पाळ्या सुरू होत आणि पाटकऱ्याला पाट सोडता येत नसे. तो जाई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भर उन्हाळ्यात, तिला परत आणायला. एक मुक्काम करून दोघे निघत. ती संध्याकाळ पाहायची राहून गेली.

ती गेल्यावर त्याने पाट धाकट्या भावाच्या हवाली केला आणि पाऊस ओसरताना डोंगर चढून आला. ओढ्याकाठी तो रोज संध्याकाळी बसला. पाणी स्वच्छ होते, तळाचा गोटा न् गोटा दिसत होता. पण पाण्यातून काही वर आले नाही. मासा नव्हता. खंड्या नव्हता. पाण्यावर सरसर पळणारा निवळी किडासुद्धा नव्हता.

मग गावकऱ्यांनी त्याला जुनी हकीकत सांगितली. सगुणा सासरी गेल्यानंतर काही वर्षांनी गावात एक लाकडाचा व्यापारी आला होता. त्याला ओढ्याकाठची झाडे हवी होती, कारण ती जाड होती आणि गाडीवाटेला लागून होती. तो म्हणाला, ही झाडे तुमचे पाणी पितात. तोडा, मग पाहा ओढा कसा वाहतो. म्हाताऱ्याने नको म्हटले. पंचांनी ऐकले नाही. जांभूळ, उंबर, करंज, सगळे गेले, आणि गंमत अशी की पहिली दोन वर्षे ओढा खरेच जास्त वाहिला. लोक म्हाताऱ्याला हसले. त्यानंतर उघड्या काठाची माती पावसाबरोबर खाली आली, गोट्यांमधल्या सगळ्या फटी बुजल्या, उन्हाळ्यात पाणी अंघोळीसाठी तापवल्यासारखे होऊ लागले आणि दगडांवर हिरवा बुळबुळीत थर चढला. तेव्हा लोकांनी घाबरून काठाला पुन्हा झाडे लावली. पण लावली ती सगळी सागाची, पुढे विकता येतील म्हणून. साग आता वाढला होता. सावली आली, गाळ पुष्कळसा वाहून गेला, पाणी निवळले. जीव मात्र परतला नाही.

पाटकरी सासऱ्याला म्हणाला, "मामा, हा ओढा पहिल्यासारखा करायचा आहे. मला शिकवा."

म्हातारा एवढेच म्हणाला, "राहा."

आणि शिकवले काहीच नाही. पाटकऱ्याने काही दिवस वाट पाहिली, मग त्याच्या हातांना जे येत होते ते त्याने सुरू केले. दाताळे घेऊन तो ओढ्यात उतरला. पडलेल्या फांद्या ओढून काढल्या, डोहात साचलेली पाने टोपल्या भरभरून काठावर टाकली, गोट्यांवरचा थर घासला. सकाळी झाडलेला ओढा संध्याकाळी पुन्हा झाडला. गावातल्या बायका पाणी भरताना हसू दाबत. भागाबाई नावाची एक म्हातारी तर तोंडावरच म्हणाली, "जावईबापू, आता सारवून रांगोळी तेवढी काढा." तो हसला नाही. इतके निर्मळ पाणी त्याच्या पाटातही कधी नव्हते, आणि आता तरी काहीतरी परत येईल, अशी त्याची आशा होती. पण हिवाळा संपत आला तरी काही आले नाही.

एके सकाळी तो ओढ्यावर गेला तर तिथे चार गडी उभे होते. म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी वरच्या रानात वादळाने पडलेले एक जुने उंबराचे खोड दोरांनी ओढून आणले आणि ओढ्यात आडवे टाकले. मग म्हाताऱ्याने स्वतः टोपल्या उचलल्या. उंबराची पाने, जांभळाची पाने, करंजाची पाने, काही ओली, काही कुजकी. ती सगळी त्याने खोडाच्या वरच्या अंगाला पाण्यात ओतली. पाणी गढूळले. एवढ्या दिवसांची मेहनत पाटकऱ्याच्या डोळ्यांसमोर मातीत गेली.

तो तडक माघारी फिरला. घरी जाऊन त्याने धोतर आणि घोंगडी बांधली, सासऱ्याच्या पायांवर डोके ठेवले आणि निरोप मागितला. पण उंबरठ्यावर त्याच्याने राहवले नाही. "मामा, नको होतं तर सांगायचं होतं," तो म्हणाला. "सगळ्या गावासमोर घाण टाकायची काय गरज होती?"

"जाणारच आहात, तर वरच्या वाटेने जा," म्हातारा म्हणाला. "मी थोडा येतो सोबत."

वरच्या वाटेवर देवीच्या नावाने राखलेला रानाचा एक तुकडा होता. तिथे कुऱ्हाड कधी चालली नव्हती. तिथे ओढा अरुंद होता आणि, पाटकऱ्याच्या नजरेने पाहिले तर, फारच अव्यवस्थित. खोडे आडवी पडलेली, मुळे पाण्यात उतरलेली, पानांचे थरावर थर. म्हातारा काठावर बसला, एका खोडामागे हात घातला आणि कुजक्या पानांची एक ओंजळ काढून आपल्या पांढऱ्या उपरण्यावर पसरली.

पाने हलू लागली.

त्यांतून बारीक जीव बाहेर सरकत होते. शेपटीला तीन केस असलेले; चपटे, दगडाला चिकटून राहणारे; चतुराची पाण्यातली पिल्ले. एकाने तर काडीचे आणि वाळूचे तुकडे जोडून अंगाभोवती नळीसारखे घर केले होते आणि ते घर ओढत तो चालला होता. पानांना जागोजाग भोके पडली होती. काही पानांची नुसती जाळी उरली होती.

पाटकरी गुडघ्यांवर बसून पाहत राहिला.

"हे पान खातात," म्हातारा म्हणाला. "त्यांनी कुरतडलेला भुगा खाली वाहतो. तो दुसरे खातात, दगडाआड जाळं लावून. त्यांना मासा खातो, आणि जे वाचतात ते पंख फुटले की वर उडतात. दाट सावलीत पाण्यात गवत-शेवाळ फारसं उगवत नाही, जावईबापू. ओढ्याला जेवायला वाढतात ती काठची झाडं. उंबराचं पान मऊ, ते आधी संपतं. जांभळाचं चिवट, ते पुढच्या दिवसांना पुरतं. म्हणून काठाला नाना तऱ्हेची झाडं लागतात. खाली आपण नुसता साग लावला. सगळं एकाच वेळी गळणार, तेही जाड न् खरखरीत. आणि जे काही ताटात पडलं, ते तुम्ही उचलून टाकलं."

"मग हे जीव खाली का येत नाहीत?"

"रोज येतात. पाण्याबरोबर वाहत येतात, उडून येतात. तुमच्या झाडलेल्या अंगणात त्यांना टेकायला जागा नसते, म्हणून पुढे निघून जातात." म्हाताऱ्याने उपरणे हळूच पाण्यात बुडवले आणि पाने सोडून दिली. "तुमची चूक नाही. पाटातून पाणी जायचं असतं. ओढ्यात ते नांदायचं असतं."

पाटकऱ्याने ती पाने वाहत जाताना पाहिली. मग त्याने विचारले, की हे ठाऊक असून हिवाळाभर मला झाडू का दिले?

"तुमच्या हातांना काम हवं होतं," म्हातारा म्हणाला. "रिकामे हात फार वाईट. तेव्हा सांगितलं असतं, तर तुम्ही घरी जाऊन दुसरं काही झाडत बसला असता."

पाटकऱ्याने मान खाली घातली. घरी तो तेच करून आला होता. सगुणेची पातळे त्याने वाटून टाकली होती, तिची पाटा-वरवंट्याची जागा धुऊन काढली होती, शेजारणींना तिच्या गोष्टी काढू नका म्हणून सांगितले होते. घर लख्ख झाले होते आणि त्यात त्याला बसवत नव्हते.

"ती सांगायची ती संध्याकाळ पुन्हा येईल का, मामा?"

"येईल. सागामधे जांभूळ-उंबर लावा, त्यांना वाढू द्या, पडेल ते पडू द्या. मला दिसेल असं नाही. तुम्हालाही कदाचित म्हातारपणीच दिसेल."

गाठोडे दोघांच्या मध्ये पडून होते. पाटकऱ्याने ते उचलले नाही. वर पाने गळत होती, एखादे पाण्यावर उतरून खोडाशी जाऊन थांबत होते. थोड्या वेळाने, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, त्याने तिचे नाव घेतले.

"सगुणा लहानपणी कशी होती?"

म्हाताऱ्याने एक गळके पान उचलून पाण्यात सोडले. मग म्हणाला, "हट्टी. एकदा इथला ओला दगड उचलून आणला, किड्यांसकट, आणि कोणाला न सांगता पिण्याच्या माठात ठेवला. म्हणे, यांना ऊन लागतं. दोन दिवस आम्ही सगळे तेच पाणी प्यालो."

"मग? सासूबाईंनी काय केलं?"

"माठ फोडला. आणि मग नवा माठ आणून तिला म्हणाली, हा तुझ्या किड्यांचा, पिण्याचा वेगळा." म्हातारा हसला, आणि हसता हसता त्याला उपरण्याच्या कोरड्या टोकाने डोळे पुसावे लागले. पाटकरी त्याच्या जवळ सरकून बसला आणि पुढचे विचारू लागला.

जे गळून पडले आहे, ते उचलून टाकण्याची घाई करू नये; त्यावर अजून कोणाला तरी जगायचे असते.