खालची पायरी

"...मग एकही उत्तर चुकलं नसताना त्यांनी मला खालची पायरी का दिली, बुवा?"

एवढंच विचारायला शंतनू पुण्याहून गाडी काढून भोरजवळच्या टेकडीवरच्या मठात आला होता. सॉफ्टवेअरच्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नाही, असं सोबतचे म्हणत. तोही ते नाकारत नसे. नव्या कंपनीत मुख्य इंजिनिअरच्या जागेसाठी त्याने इंटरव्ह्यू दिला होता. नोकरी मिळाली, पण त्याच्याच हाताखाली शिकलेल्या पोरांच्या बरोबरीची.

"त्यांनी विचारलं काय होतं?" काशिनाथबुवा म्हणाले.

एका नाट्यगृहासाठी तिकीटविक्रीची यंत्रणा उभी करायला सांगितली होती. समोरच्या बाईंचं वाक्य संपायच्या आत शंतनू फळ्यापाशी पोचला. लाखो माणसं एकदम आली तरी कोसळणार नाही, अशी यंत्रणा त्याने आखून दाखवली.

बुवांनी मान डोलावली.

"उन्हाचं इथे पाणी पुरत नाही," ते म्हणाले.

शंतनूचा चेहरा खुलला. काडी घेऊन तो अंगणातच उकिडवा बसला. खालच्या ओढ्यावर पंप, माथ्यावर टाकी, उतारावरून नळ, पावसाचं पाणी साठवायला वेगळा हौद. ऊन चढलं, तरी त्याचं चालूच होतं. बुवा ऐकत राहिले.

"झालं?"

"झालं."

"चांगलं आहे," म्हणत बुवा उठले. अंगणाच्या कडेला पाखरांसाठी ठेवलेलं मातीचं पसरट भांडं कोरडं पडलं होतं. त्यांनी ते उचलून चिंचेच्या सावलीत ठेवलं आणि तांब्यातलं पाणी त्यात ओतलं.

शंतनू काडी हातात धरून तसाच बसून राहिला. त्याला इंटरव्ह्यूतल्या बाई आठवल्या. त्या फळ्याकडे बघतच नव्हत्या, त्याच्याकडे बघत होत्या. मध्ये एकदोनदा काही बोलायला म्हणून त्या पुढे झुकल्या, आणि पुन्हा मागे टेकल्या. बाईंना आपलं बोलणं झेपत नाहीये, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

नाट्यगृह केवढं होतं, ते त्याला अजूनही माहीत नव्हतं.

त्याचे कान तापले.

"पाखरांचं पाणी म्हणताय, हे आधी सांगायचंत ना, बुवा."

बुवांनी रिकामा तांब्या पालथा घातला.

"सांगणारच होतो. तुझं संपायची वाट बघत होतो."