वरचं नाव

पहाटे खो-खोचे मास्तर सरावासाठी मैदानातल्या आंब्याला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारायचे, आणि तो ठण्ण आवाज पार नदीपलीकडे जायचा. सर्जेरावाने तो ऐकला त्याला आता कितीतरी पावसाळे उलटले होते. आज मैदानात पाऊल टाकलं तशी त्याची मान आपोआप आंब्याकडे वळली. आंबाही नव्हता.

"मग मास्तर, माझं नाव खाली का?"

कडेला बसलेले दौलत मास्तर डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून नुसते बघत राहिले. त्यांना आता जवळचं माणूसही आवाजावरून ओळखावं लागे.

"सर्जा आलास होय. बैस. चहा घेतलास?"

"चहाचं राहू द्या."

डोंगराच्या पायथ्याचं हे विद्यापीठ लहानसं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते आपल्या जुन्या नामवंत खेळाडूंचा सत्कार करणार होतं. मैदानावर मंडप पडला होता, खुर्च्या मांडणं चाललं होतं. फाटकापाशी काळा दगड उभा केला होता. त्याच्यावर नावं कोरायची होती. खो-खोचा तो एकच मोठा सामना विद्यापीठाने जिंकला होता, त्या सामन्याची नावं मास्तरांना विचारली होती. मास्तरांनी दोन सांगितली. आधी हणमंत लोहार. त्याच्या खाली सर्जेराव ढवळे.

"शेवटचा गडी कुणी मारला?" सर्जेराव म्हणाला.

"तू."

"शिट्टी व्हायला आली होती. तो गडी सुटला असता तर सामना गेला असता. खरं का खोटं?"

"खरं."

"मला पोरांनी खांद्यावर घेतलं. त्या एका गड्यावर मला पोलिसात घेतलं. आज साहेब झालो तो त्याच्यावर. आणि हणम्याने काय केलं? खो दिला. खो तर सगळेच देतात, मास्तर."

"देतात," मास्तर म्हणाले.

"तो आज असता तर त्यानेच सांगितलं असतं, सर्जाचं नाव वर घ्या म्हणून."

"हो. त्याने सांगितलं असतं."

...

मंडपातला माईकवाला केव्हापासून हॅलो, हॅलो करत होता. मध्येच त्याने माईकवरूनच चहावाल्याला हाक मारली आणि खुर्च्या मांडणारे हसले. हे दोघे हसले नाहीत.

हणमंत त्याच साली काविळीने गेला होता. सामन्यानंतरची दिवाळी त्याने पाहिली नाही.

"त्याच्या आईला बोलावलंय का?" सर्जेरावाने जरा खालच्या आवाजात विचारलं.

"सोनाक्काला मीच सांगून आलो. तिने विचारलं, माझ्या हणमाचं नाव मोठ्यानं घेतील का? म्हणाली, मला ऐकू कमी येतं."

सर्जेरावाचं मन तरीही वळत नव्हतं. बायको, मुलं, ऑफिसातली चार माणसं संध्याकाळी येणार होती. दगडापाशी उभं राहून फोटो काढायचे होते.

"त्याचं नाव असू दे. मी नको म्हणत नाही. पण खाली असू दे. तो नुसता खो देऊन बसला, मास्तर. गडी मारला मी."

मास्तर उठले. काठी टेकत मंडपात शिरले, दोन खुर्च्या बाजूला सारल्या, पायाने माती चाचपली.

"इथं होतास तू. बस."

"आता?"

"बस की. साहेब झालास म्हणून बसता येत नाही होय?"

सर्जेरावाने इकडेतिकडे पाहिलं. विजार वर ओढली आणि बसला. गुडघे कडकड वाजले. पण बसल्यावर अंगाला सगळं आपसूक आठवलं. टाचा उचलल्या गेल्या, बोटं मातीला टेकली, मान ताठ झाली. मास्तर त्याच्या पाठीमागे उभे राहिले.

"काय दिसतं?"

"समोरचा डोंगर."

"आणि मागचं?"

"मागचं कसं दिसेल? बसलेल्याला मागचं दिसत नाही."

"मला दिसत होतं. तेव्हा डोळे धड होते. हणम्याचा हात त्या शेवटच्या गड्याच्या सदऱ्याला लागायच्या बेतात होता, सर्जा. नुसतं बोट लांब करायचं होतं."

...

"मग मारला का नाही?"

मास्तरांनी काठीने माती सारखी केली.

"मास्तर. मारला का नाही त्याने?"

"तेच विचारायचं होतं त्याला. गडबडीत राहिलं. तुम्ही सगळे वाजतगाजत फाटकाबाहेर गेलात. मी मागं वळलो तर तो अजून इथंच. तुझ्या जागेवर बसलेला. हसत होता. म्हटलं, उद्या विचारू."

चहावाला कपांची जाळी घेऊन आला, दोघांकडे बघून तसाच पुढे गेला.

सर्जेराव मान खाली घालून बसला होता. मग मातीकडे बघतच म्हणाला,

"दगडवाल्याला सांगा... हणम्याचंच वर."

"बरं."

"आणि माईकवाल्याला सांगा, मोठ्यानं घे म्हणावं."

"सांगतो. आता ऊठ. गुडघे धरतील."

सर्जेराव उठला नाही.

"ऊठ लेका. लोक बघतायत."

"मास्तर..."

"काय?"

"पाठीला हात लागला नाही अजून. खो मिळाल्याशिवाय कसा उठू?"

मास्तरांनी काठी डाव्या हातात घेतली. उजवा हात पुढे केला. तो त्याच्या पाठीपर्यंत गेला, सदऱ्यापासून बोटभर अंतरावर थांबला. मास्तरांनी तो मागे घेतला.

"माझा हात चालायचा नाही रे. हणम्याचाच हवा."

सर्जेरावाने जमिनीला हात टेकला, आपलं आपण अंग उचललं, आणि खुर्च्यांमधून चालत गेला.