दाराची कुरकुर

"दादा, रोज तीच धून वाजवतोस, मग रोज निराळी का वाटते?" एकदा एका धाकट्या भावाने विचारले होते. दादा नुसता हसला आणि वाजवत राहिला. तो धाकटा मी. आता दादाच गेला. उत्तर कुणीच दिले नाही.

दादा जॅझ पियानो वाजवायचा. त्याचे म्हातारे गुरू मिनेझिस सर. त्यांच्या जुन्या हॉलमध्ये तो रोज संध्याकाळी बसायचा आणि मी त्याचा डबा घेऊन जायचो. शाळा मी सातवीतच सोडली. सुरांतले मला काही कळत नाही. पण तेरावा झाला आणि मी दादाची शिष्या मृण्मयी हिच्या मागेच लागलो. "मला त्याची धून पाहिजे. जशीच्या तशी." निदान एक संध्याकाळ तरी तो परत येईल, असे वाटत होते.

बिचारीने जुने रेकॉर्डिंग ऐकून ऐकून ती बसवली. दादाचे मित्र हॉलमध्ये जमले. ती वाजवू लागली. हुबेहूब दादा! मी डोळे मिटून रडत होतो. तेवढ्यात सर उठले आणि त्यांनी तिच्या हातांवर हात ठेवला. धून मध्येच तुटली.

मी ताडकन उठलो. "म्हातारे झालात म्हणून काहीही कराल? माझा भाऊ होता तो!"

"ओरड, बाबा, ओरड. तुझा हक्क आहे," सर म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "मघाशी मध्येच दोन तिरपे सूर वाजवलेस. ते का?"

"रेकॉर्डिंगमध्ये आहेत, सर."

"ते धुनेतले नाहीत, पोरी. ते हे दार आहे. हा पोरगा डबा घेऊन यायचा, दार कुरकुरायचे, आणि याचा दादा त्या कुरकुरीला पियानोवर उत्तर द्यायचा. तिथून धून वळायची. मला बिजागरीला तेलसुद्धा घालू देत नसे. कोण आले ते ऐकायचे आणि मग वाजवायचे, एवढेच त्याने आपल्याला शिकवले. आज दार वाजलेच नाही. मग तू उत्तर कुणाला दिलेस?"

मृण्मयीने मान खाली घातली. "मग आता काय वाजवू?"

सरांनी दाराकडे पाहिले.

मला माझा डबा आठवला. दार ढकलून मी तो स्टुलावर ठेवायचो आणि म्हणायचो, "लवकर जेव, गार होईल." रोज एवढेच. आणि तेवढ्यावर तो धून वळवायचा.

मी बाहेर गेलो. पायरीवर उभा राहून डोळे पुसले. मग दार ढकलले आणि आत आलो.