जमिनीतलं ताट

"मग ती जेवायची कधी?"

म्हाळू पाथरवटाने हा प्रश्न सगळ्या गावाला विचारला होता आणि गावाने त्याला उत्तर दिलं नाही, असं पाथरटेकात सांगतात. प्रश्न फार जुना आहे. विचारणारा गेला, ज्यांना विचारला तेही गेले. पण पाथरटेकातल्या कुठल्याही जुन्या घरात जा. चुलीच्या उजव्या हाताला, जमिनीच्या फरशीतच कोरलेलं एक ताट दिसतं. नवखा माणूस त्याला उखळ समजतो, कुणी दिवा लावायची जागा समजतो. गावातले म्हातारे शिदूआबा पाहुण्यांना घेऊन येतात तेव्हा आधी चपला काढायला लावतात आणि मग सांगतात, "हे ताट आहे. यात आधी रांधणारी जेवते. तिचं झालं की मग आपण. आज तुम्हीही थांबा."

पाहुणे थांबतात आणि आबा गोष्ट सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, या टेकाच्या उतरणीला ठकू नावाची पोर राहत होती. आईबाप पटकीत एकाच आठवड्यात गेलेले. मागे चार भावंडं. थोरली ठकू, तिच्या पाठचा म्हाळू, मग चंद्री आणि शेंडेफळ गणू. म्हाळूला मिसरूड फुटायची होती, पण बापाचा हातोडा त्याने उचलला. पंतोजींकडे तो चार दिवस गेला होता, तिथे एका पोराचं डोकं पाटीने फोडून परत आला. डोकं तापट, हात मात्र बापाचे. तो जाती कोरायचा, पाटे-वरवंटे घडवायचा. बाजारात त्यांच्या बदल्यात जोंधळा, बाजरी मिळायची. ते दाणे घरी आले की पुढचं सगळं ठकूचं.

ठकूचा संसार बघायला बायका यायच्या, असं सांगतात. तिच्या घरची चूल कधी विझत नसे, कारण रात्री ती निखारे राखेत पुरून ठेवी आणि सकाळी फुंकर घालून जागे करी. आळीतल्या बायका तिच्याकडूनच विस्तव न्यायच्या. भाकऱ्या झाल्या की त्याच आचेवर आमटी, आमटी उतरली की त्याच धगीवर अंघोळीचं पाणी. मोरीचं पाणी भोपळ्याच्या वेलाला. दोडक्याच्या शिरा टाकायच्या नाहीत, त्यांची चटणी. मिठाचं पोतं रिकामं झालं की ते पाण्यात घोळवायचं आणि ते पाणी आमटीला. दिवा फक्त जेवताना, नंतरच्या गप्पा अंधारात. जुन्या लुगड्याची वाकळ, वाकळ फाटली की पोतेरं, पोतेरं झिजलं की त्याच्या वाती.

शेजारची काशीकाकू दारात उभी राहून म्हणायची, "ठके, तुझ्या घरात उंदीरसुद्धा उपाशी मरतील गं."

"उंदरांना कोंडा कुठून देऊ, काकू? तो भाकरीत जातो," ठकू म्हणायची आणि दोघी हसायच्या.

म्हाळूला आपल्या आक्काचा भारी अभिमान होता. खाणीवर भाकरी सोडली की तो सगळ्यांना ऐकवायचा, "आमची आक्का दगडाची आमटी करील आणि तुम्ही बोटं चाटाल."

मग पाऊस हुकला. दुसऱ्या वर्षीही हुकला. पाथरवटाचं दुर्दैव असं, की दुष्काळात त्याचं काम आधी थांबतं. दळायला दाणाच नाही तर जातं कोण घेणार? म्हाळू डोक्यावरून जातं बाजारात न्यायचा आणि तेच डोक्यावरून परत आणायचा. येताना टेकाला शिव्या द्यायचा, आभाळाला द्यायचा, वाटेतल्या कुत्र्याला दगड मारायचा. घरात पाऊल टाकलं की मात्र भाकरी भाजल्याचा वास यायचा आणि त्याचा राग उतरायचा. कणगीत काय उरलंय हे त्याने कधी वाकून पाहिलं नाही. आक्का आहे, म्हणजे भागतंय, एवढंच त्याला ठाऊक.

भाकऱ्या लहान झाल्या. मग भाकरी जाऊन कण्या आल्या. आईच्या लोखंडी कढईत कण्यांची पेज शिजायची. ठकू तिघांना वाढायची.

"आक्का, तू?"

"मी मागाहून. तुमच्यात बसले तर गणू माझ्या ताटात हात घालतो."

तिघांचं झालं की ती कढई घेऊन आत जायची, स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. आतून उलथण्याचा आवाज यायचा. खर्र, खर्र, खर्र. कढईच्या बुडाची खमंग खरवड आक्का एकटी खाते, याचं गणूला फार वाईट वाटायचं.

"आक्का, मला पण खरवड!"

"खरवड खाल्ली की लग्नात पाऊस पडतो रे," ठकू आतूनच म्हणायची.

"मग खा, खा! पाऊस तरी पडू दे."

"म्हणून तर रोज खाते, बाबा."

बाहेर तिघंही हसायची.

एके संध्याकाळी म्हाळू नुसत्या पेजेने चिडला. दिवसभर दगड फोडून आलेला, पोटात खड्डा पडलेला. आतून खर्र खर्र सुरू झालं तसा तो ओरडला, "आम्हाला पाणी आणि स्वतःला खरवड! मोठी झालीस म्हणून?" आतला आवाज क्षणभर थांबला. पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी म्हाळूच्या ताटात थोडी घट्ट पेज आली. ती त्याने मुकाट्याने खाल्ली. ती कुठून आली हे त्याने विचारलं नाही, असं सांगतात.

त्या दिवसांत ठकू एकावर एक दोन लुगडी नेसायची. थंडी वाजते म्हणायची. लुगडं पेटीत ठेवलं की कसर खाते, अंगावर असलं की टिकतं, असंही म्हणायची. काशीकाकूने तेवढंच ऐकलं आणि कौतुक केलं.

एका सकाळी झऱ्यावरून येताना ठकू उतरणीवर बसली ती उठलीच नाही. घागर गडगडत खाली गेली. म्हाळूने तिला उचललं आणि तो चमकला. रोज जाती उचलणारा गडी तो, आणि त्याच्या हातांना काही उचलल्यासारखं वाटेना. दोन लुगड्यांच्या आत जणू कुणी नव्हतंच.

वैदू आला. त्याने नाडी पाहिली, डोळे पाहिले, पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला.

"हिला रोग काही नाही," तो म्हणाला.

"मग काय आहे?"

"पोटात अन्न नाही, पोरा. बऱ्याच दिसांचं नाही."

म्हाळूने त्याची मानगूट धरली. "खोटं बोलतोस! रोज जेवते ती. मी कानांनी ऐकतो."

चार माणसांनी त्याला मागे ओढलं. काशीकाकूने पेजेचं पाणी चमच्याने ठकूच्या ओठांना लावलं, ते ओघळून बाहेर आलं. दिवस मावळायच्या आत ती गेली.

तिला पोचवून आल्यावर म्हाळू ओट्यावर उभा राहिला आणि जमलेल्यांना त्याने विचारलं, "मग ती जेवायची कधी?" बाप्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. बायकांनी मात्र माना खाली घातल्या. काशीकाकूने तोंडाला पदर लावला. म्हाळूने एकेकीसमोर जाऊन विचारलं, "काकू, तू सांग. मामी, तू सांग." एकही बोलली नाही. कारण त्या सालात कुठल्या घरात, कुठल्या दारामागे काय चालतं, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते घरधन्यासमोर सांगायचं नसतं, असं त्यांना त्यांच्या आयांनी शिकवलं होतं.

सुतक फिटलं. चंद्री चुलीपुढे बसू लागली. म्हाळू पुढ्यात येईल ते खायचा आणि भिंतीकडे बघायचा. एका संध्याकाळी तिने दोघा भावांना वाढलं, कढई उचलली, आत गेली, दार लोटलं.

खर्र, खर्र, खर्र.

म्हाळूचा घास हातातच राहिला. त्याने लाथेने दार उघडलं. चंद्री रिकाम्या कढईपुढे बसली होती. कढई धुतल्यासारखी स्वच्छ. ती उलथण्याने लोखंड खरवडत होती.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"आक्कानं," चंद्री म्हणाली. तिला आपलं काय चुकलं ते कळेना. "ती म्हणायची, आवाज आला नाही तर दादाच्या घशाखाली घास उतरत नाही."

म्हाळूने कढई हिसकावली आणि बाहेर खडकावर आपटली. तिचा एक कान उडाला. मग त्याला आठवलं की घरात दुसरी कढई नाही. तो गेला, ती उचलून आणली आणि चुलीपाशी ठेवली. ताटात उरलेलं होतं ते त्याने चंद्रीपुढे सरकवलं. "खा." आणि तो पाणी प्यायला वळला. परत बघतो तर ताट गणूपुढे. गणू बोटं चाटतोय आणि चंद्री म्हणतेय, "मला भूकच नाही, दादा."

तेव्हा, म्हणे, म्हाळू चुलीशेजारी बसून पहिल्यांदा रडला. आक्का गेली तेव्हा तो रडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो खाणीवर गेला नाही. त्याने छिन्नी-हातोडा घेतला आणि चुलीच्या उजव्या अंगाची फरशी कोरायला घेतली. ठणठण ऐकून काशीकाकू धावत आली.

"घर पाडतोस काय रे मुडद्या?"

"ताट करतोय."

"जमिनीत? जमिनीत ताट कोण करतं?"

"जमिनीतलं ताट उचलून कुणाला देता येत नाही, काकू."

काशीकाकू उंबऱ्यावरच बसली. छिन्नी चालत राहिली, दगडाचा भुगा उडत राहिला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "हे झालं की आमच्याकडं ये. हातोडा घेऊन ये."

त्याला उत्तर मिळालं ते एवढंच.

म्हाळू तिच्याकडे गेला. मग मामीकडे. मग बायकाच बोलवायला येऊ लागल्या. काही घरधन्यांनी कुरकुर केली, एकाने तर "आता काय बायकांच्या उष्ट्यावर जेवायचं?" म्हणून त्याला दारात अडवलं. म्हाळूने हातोडा खांद्यावर घेतला आणि म्हणाला, "जेवू नकोस. तुझी बायको किती वजनाची आहे, तेवढं एकदा उचलून बघ." तो माणूस आत गेला. थोड्या वेळाने त्याने स्वतः दार उघडलं, असं सांगतात.

ताटं झाली. पण ताटात घालायला कुणाकडेच फार नव्हतं. म्हाळूच्या हातांना दगड येत होता, दाणा येत नव्हता. लांब कुठे नदीला घाट बांधत होते, तिथे पाथरवट हवे होते आणि आगाऊ दाणे देत होते. म्हाळूने दाणे घेतले. एक पोतं घरात टाकलं, दोन्ही धाकटी काशीकाकूच्या पदरात घातली. चंद्रीला समोर बसवून जमिनीतल्या ताटात स्वतःच्या हाताने पहिली भाकरी वाढली आणि ती संपेपर्यंत तिथून हलला नाही.

काही वर्षं त्याच्याकडून दाणे येत राहिले. मग यायचे थांबले. कुणी म्हणतं घाटाचा दगड अंगावर आला, कुणी म्हणतं तिकडेच कुठे तरी राहिला. खरं कुणाला माहीत नाही.

आजही पाथरटेकात लग्न असो, बारसं असो, रांधणारी जेवल्याशिवाय पंगत बसत नाही. आजही इथे कुणी कढई खरवडत नाही. बुडाला लागलेलं अन्न पाणी घालून भिजवतात आणि मऊ झालं की काढतात. सुनेला सासू काटकसरीचं सगळं शिकवते, निखारे पुरायचे कसे, शिरांची चटणी कशी, आणि शेवटी त्या ताटावर हात ठेवून सांगते, "वाचवायचं ते सगळीकडनं. इथनं नाही."

ठकूच्या घराचं जोतं अजून आहे. शिदूआबा पाहुण्यांना तिथे शेवटी नेतात. तिथल्या फरशीतलं ताट गुळगुळीत आहे, पिढ्यान्‌पिढ्या बोटं फिरून झालेलं. पण त्याच्या कडेला एक वाटी कोरलेली आहे, ती ओबडधोबड, घाईची. तिच्यात छिन्नीचे घाव अजून बोटाला लागतात. ती ताटाबरोबरची नाही. निघायच्या दिवशी म्हाळू वेशीपर्यंत गेला होता आणि परत आला, असं सांगतात. आक्का धडधाकट होती, भाकऱ्या मिळत होत्या, तेव्हाही ती आमटी भावंडांना वाढून टाकायची आणि म्हणायची, मला कोरडीच आवडते. ते त्याला वेशीवर आठवलं. बरोबरचे लोक हाका मारत होते. त्याने घरी येऊन खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, छिन्नी काढली आणि ताटाला लागून ती वाटी केली.

मग चंद्रीला म्हणाला, "ही आधी भरायची," आणि गेला.