गलबत्याच्या तीन कबरी

फार वर्षांपूर्वी, आमच्या सांदणेबंदरात शिडाची जहाजं लागत होती तेव्हाची गोष्ट. एका फुटक्या गलबताच्या फळीवर एक तान्हं मूल वाहत आलं. कुणाचं, कुठल्या जातीधर्माचं, कुणालाच कळेना. गावाने त्याचं नाव ठेवलं गलबत्या, आणि कुणी भात, कुणी पेज घालून त्याला वाढवलं.

मोठा झाल्यावर तो टेकडीवरच्या दफनभूमीत खड्डे खणू लागला. गावाला दफनभूमी एकच, रांगा तीन. मुसलमानांचा खड्डा उत्तर-दक्षिण, कारण मयताचं तोंड पश्चिमेला हवं. ख्रिस्तांवांचा पूर्व-पश्चिम. लिंगायत वाण्यांचा खोल, कारण त्यांच्यात मयताला बसवतात. गलबत्याची चूक कधी बोटभरही झाली नाही. जिवंत माणूस समोर आला तरी तो त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचा. ‘‘साडेतीन हात,’’ असं पुटपुटायचा. त्यामुळे त्याला पाहिलं की माणसं रस्ता बदलत, असं म्हणतात.

सत्तरी उलटली तसा त्याला घोर लागला. आपल्याला कोणत्या रांगेत घेतील? तो दाऊद नाखव्याकडे गेला.

‘‘नाखवा, मी मेल्यार माका खंय ठेवतलास?’’

‘‘तू आमचो नाय रे. जमातीक विचारूक होया,’’ नाखवा खाली मान घालून म्हणाला. इनास सुताराने तेच सांगितलं. मलप्पा वाण्यानेही तेच. म्हातारा घरी आला, भिंतीकडे तोंड करून निजला आणि उठेना. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की गलबत्या गेला.

तेव्हा तिघांनाही लाज वाटली. ज्याने आपल्या आईबापांना इतकं नीट ठेवलं, त्याला आपण जागा नाही म्हणालो! दुसरा कुणी त्याला घेणार नाही असं समजून तिघेही कुदळ घेऊन गुपचूप टेकडीवर गेले, आणि भरदुपारी एकमेकांसमोर उभे राहिले.

‘‘गलबत्या आमचो!’’ तिघेही एकदम ओरडले.

मग ईर्षेने खणायला लागले. पण खणणं कुणाला येत होतं? नाखव्याचा खड्डा वाकडा झाला. इनासाचा इतका आखूड, की त्यात शेळीही मावली नसती. मलप्पा खोल खोल खणत गेला आणि त्याला वर येता येईना. त्याच्या बोंबा बंदरापर्यंत गेल्या, आणि त्या ऐकून गलबत्या अंथरुणातून उठला, असं म्हणतात.

काठी टेकत तो टेकडीवर आला. ‘‘मेल्यांनो, जन्मभर माझ्या खड्ड्यांच्या काठार उभे रवलात, पण खणूक एकजण शिकाक नाय!’’

आधी त्याने मलप्पाला दोराने वर ओढलं. मग तिन्ही खड्डे स्वतः नीट केले. करताना रडत होता आणि शिव्याही देत होता.

चार दिवसांनी सकाळी लोक पेज घेऊन गेले, तर अंथरूण रिकामं. टेकडीवर तिन्ही खड्डे बुजलेले, आणि माती फावड्याच्या पाठीने अशी चोपलेली, की तसं चोपणारा गावात एकच होता. तो कोणत्या खड्ड्यात आहे ते आजवर कुणी उकरून पाहिलेलं नाही. तिन्ही रांगा म्हणतात, आमच्यात.

अजूनही आमच्याकडे कुणाचाही खड्डा झाला की खणणारा काठावर उभा राहून हाक देतो, ‘‘गलबत्या, माप बरोबर?’’ मग सगळे क्षणभर थांबतात. उत्तर येत नाही. म्हणजे माप बरोबर आहे, कारण चुकलं असतं तर गलबत्या गप्प बसला नसता.