कासाराची काजळी

एका गावात एक कासार राहत होता. बांगड्या भरण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, पण त्या हातालाच भीतीची खोड होती. चार बायका बघायला बसल्या की त्याच्या छातीत धडधडायचं, तळवे घामेजायचे आणि बोटं थरथरू लागायची. काचेच्या बांगडीपुढे थरथरत्या बोटांचं काही चालत नाही.

त्याला औषध सापडलं ते बांगड्यांच्या पेंढ्यात. मांजरीचं एक काळंभोर पिल्लू तिथे झोपलं होतं. त्याने त्याचं नाव काजळी ठेवलं. काजळी मोठी झाली आणि तो बांगड्या भरायला बसला की खुशाल त्याच्या मांडीवर येऊन पसरू लागली. तिची घुरघुर मांडीला जाणवली की त्याचा श्वास संथ व्हायचा आणि श्वासामागून बोटंही शांत व्हायची. मग कुठेही जायचं झालं तरी काजळी टोपलीत बसून बरोबर निघायची. गावच्या बायकांना त्याची सवय झाली होती.

एकदा शेजारगावच्या पाटलाचं बोलावणं आलं. लेकीचं लग्न होतं, हिरवा चुडा भरायचा होता. कासाराची छाती फुगली. नवं धोतर नेसून, बांगड्यांची पेटी डोक्यावर नि काजळीची टोपली काखेत घेऊन तो निघाला.

पण त्या गावची वेस दिसली आणि त्याचं पाऊल अडखळलं. लग्नघरात काळं मांजर? लोक अपशकुन म्हणतील. आणि एवढ्या बाप्याला मांडीवर मांजर लागतं म्हणून हसतील ते वेगळंच. खरं सांगायचं तर त्याला अपशकुनापेक्षा हसण्याचीच धास्ती जास्त होती. त्याने टोपली विहिरीजवळच्या झाडाखाली ठेवली.

“इथंच बस. मी आलोच,” तो म्हणाला.

सांगितलेलं ऐकलं तर ती मांजर कसली!

पाटलाच्या घरी पाट मांडला होता. भोवती बायकांची ही गर्दी. नवरीने हात पुढे केला, पण तो लाकडासारखा ताठ होता.

“हात सैल सोड, बाळ,” कासार म्हणाला.

“सोडलाय की, मामा.”

सोडला नव्हता. आणि कासाराची बोटंही आता थरथरू लागली होती. तेवढ्यात दारातून काजळी आली. शेपटी वर करून, गर्दीतून वाट काढत, थेट त्याच्या गुडघ्याला अंग घासू लागली.

“अगं बाई, काळं मांजर!” नवरीची आत्या ओरडली. “कासारदादा, तुमचं आहे का हे?”

सगळ्या बायका त्याच्याकडे बघू लागल्या.

“छे, माझं कुठलं? असेल गावातलंच कुणाचं तरी,” असं म्हणून त्याने कोपराने तिला ढकललं. काजळीला वाटलं, खेळतोय. ती परत आली. या वेळी त्याने तिला कोपराने जोरात हाणलं. ती भिंतीवर आदळली, क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली आणि बाहेर पळाली.

कासाराने बांगडी उचलली. नवरीचा हात ताठ, याची बोटं लटपटत होती. कट् असा आवाज झाला आणि नवरीच्या मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटली.

बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. पण त्या घटकेला आत्याला कसलं भान!

“फुटली! ऐन चुड्यात फुटली! त्या मेल्या मांजरीनं घात केला. काठी आणा रे कुणीतरी!”

अंगणात धावपळ झाली. कासाराला पहिल्यांदा काय वाटलं असेल? सुटलो, असं वाटलं. बोल मांजरीवर गेला, आपलं नाव राखलं गेलं. मग अंगणातून काजळीचं कळवळून ओरडणं ऐकू आलं, आणि आपल्याला असं वाटलंच कसं या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो धडपडत अंगणात गेला आणि काठी नि काजळीच्या मध्ये उभा राहिला.

“मारू नका तिला! माझी आहे ती. मी खोटं बोललो. बांगडी माझ्या हातानं वाढली. माझे हात भीतीनं कापतात, अन् ही मांडीवर असली तरच थांबतात.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. “एवढा बाप्या माणूस, अन् मांजर लागतं?” आत्या म्हणाली.

“लागतं,” कासार म्हणाला. त्याची मान वर होत नव्हती.

तेव्हा नवरी उठून दारात आली. “आत्या, मलाही सकाळपासून नुसती धडकी भरलीय. परक्या घरी जायचं. कुणाला सांगायची लाज वाटत होती. मामा, आणा तिला आत.”

काजळी एक पाय उचलून उभी होती. कासाराने हात पुढे केले, तशी ती मागे सरकली. नवरीने मात्र तिला अलगद उचललं आणि मांडीवर घेतलं. नवरीचा एक हात तिच्या पाठीवरून फिरू लागला. हळूहळू घुरघुर सुरू झाली, आणि नवरीचा दुसरा हात कासाराच्या हातात लोण्यासारखा मऊ पडला. त्या मऊ हाताने त्याची बोटंही थांबली. मग एकही बांगडी वाढली नाही. आत्याने तर मांजरीपुढे दुधाची वाटी आणून ठेवली.

परतताना काजळी टोपलीत बसली नाही. लंगडत, अंतर राखून मागून येत राहिली. ती थांबली की कासारही थांबायचा. घरी पोचल्यावर तो ओट्यावर हात उघडा टाकून बसून राहिला. बऱ्याच वेळाने ती आली, तो हात हुंगला आणि त्याच्याकडे पाठ करून शेजारी बसली. तिला कुरवाळायचं धाडस त्याला झालं नाही.

पुढे बोलावणं आलं की तो आधीच सांगायचा, “आम्ही दोघं येतो. ती नको असेल, तर मीही नको.” काजळी पुन्हा त्याच्या मांडीवरही बसू लागली. पण बांगडी चढवताना कासाराचं कोपर उचललं गेलं की ती अंग चोरून घ्यायची. आणि चुडा भरताना कोपर तर घडोघडी उचलावं लागतं. दर वेळी कासाराची मान खाली जायची.

तात्पर्य: ज्या मुक्या जिवाच्या उबेने आपली भीती निवते, त्याला चारचौघांत आपलं म्हणायला लाजू नये. त्याची गरज वाटण्यात लाज नाही. लाज आहे ती त्याला नाकारण्यात.